डावीकडची कुंडी

लोखंडी पाइप आणि जाड पत्रे साठवायच्या त्या लांबलचक शेडमध्ये त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेल्या पिवळ्या क्रेनला एक काचेची केबिन टांगलेली होती, आणि सकाळी एकदा लोखंडी शिडी चढून तो तिच्यात जाऊन बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमिनीवर उतरत नसे. कुणाचं काम अडलं, ट्रक भरायला उशीर झाला, की खालची माणसं छताकडे बघून हात जोडत आणि म्हणत, “आता सगळं वरच्याच्या हातात.” नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी हा विनोद त्याला ऐकवला जाई. जुनी माणसं तो ऐकून ऐकून कंटाळली होती, तरी हसायची. डोक्यावरून दोन टन लोखंड जात असताना माणसाला हसायला काहीतरी लागतंच.

खाली त्याचा जोडीदार होता लंबू. शेडमधला सगळ्यात बुटका माणूस, म्हणून लंबू. ओझ्याला पट्टे बांधायचे आणि हाताच्या खुणांनी वरच्याला सांगायचं, उचल, सोड, हळू, थांब, हे त्याचं काम. आवाज इतका असायचा की बोलून काही उपयोग नव्हता. पण दोघं इतकी वर्षं एकत्र होते की लंबूची मूठ अर्धी मिटली तरी ओझं जागच्या जागी थांबायचं. जमिनीवर मात्र त्यांचं क्षणभर पटत नसे. डबा खाताना राजकारणापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत कशावरूनही जुंपायची.

घरी वरचा फारसा बोलायचा नाही. घरात तो, बालवाडीत शिकवणारी बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. बायको दिवसभर लहान मुलांशी बोलून दमलेली, लेक मोबाइलशी बोलण्यात गुंतलेली, त्यामुळे त्याचं न बोलणं कुणाला खटकत नसे. त्याचा जीव होता तो गॅलरीतल्या कुंड्यांवर.

त्या कुंड्यांची सुरुवात मेव्हण्याने केली. तो एका नर्सरीत कामाला होता. गिऱ्हाइकाने परत आणलेलं एक मरतुकडं रोप घेऊन तो आला. “भाऊजी, घटपर्णी आहे. मेलं तर टाकून द्या, जगलं तर घरातली झुरळं खाईल.”

पहिल्या महिन्यात ते मेल्यातच जमा होतं. वरच्याने त्याला चांगली काळी माती दिली, शेणखत दिलं, नळाचं पाणी घातलं. पानं काळी पडत गेली. मग मेव्हण्याला फोन करकरून कळलं की या झाडाला कस नसलेली जागा लागते. नुसतं शेवाळ, नारळाचा काथ्या, कोळशाचे तुकडे, आणि पाणी पावसाचं. खत घातलंत तर मुळं जळतात.

“लाड केले की मरतं. तुमच्यावरच गेलंय,” बायको म्हणाली.

रोप जगलं. त्याची छाटलेली खोडं त्याने लावली, तीही जगली. काही वर्षांत गॅलरीच्या वर आडव्या लोखंडी दांडीला ओळीने कुंड्या टांगल्या गेल्या. डाव्या टोकाला ते पहिलं रोप, त्याला घरात ‘म्हातारी’ म्हणत. सकाळी चहाचा कप घेऊन वरचा तिथे उभा राही आणि पानं बघे. फुलझाड लावणारा माणूस फुलाची वाट बघतो. इथे सगळं पानातच घडायचं.

आधी शेंड्यातून गुंडाळलेली एक हिरवी सुई निघते. ती सुटत सुटत पान होते. साधं, लांबट, चकचकीत, कुणाला संशय येऊ नये असं. पण ते पान टोकाला थांबत नाही. मधली शीर बाहेर पडून दोऱ्यासारखी लांबते आणि खाली लोंबते. त्या तणाव्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी लवदार गाठ असते. कित्येक दिवस तिचं काहीच होत नाही. आपण नाद सोडून देतो. आणि एके सकाळी ती गाठ तोंड वर करून उभी असते. मग ती लांबते, फुगते, तिची छोटी सुरई होते. तोंडावर झाकण घट्ट बसलेलं असतं, आणि ते बंद असतानाच आत पाणी साठलेलं असतं. उजेडासमोर धरलं की पातळी दिसते. म्हणजे पहिला किडा यायच्या कितीतरी आधी तयारी पूर्ण झालेली असते. शेवटी झाकण सुटतं. त्या दिवशी काठ फिकट पोपटी आणि कोवळा असतो. पुढे तो बाहेरच्या बाजूला वळत जातो, रुंद होतो, त्यावर गुलाबी रेघा उमटतात, आणि मग तो गडद लाल आणि तेल लावल्यासारखा गुळगुळीत होतो. मुंगी त्यावर पाय ठेवते आणि क्षणात दिसेनाशी होते.

वरच्याला यातली प्रत्येक पायरी पाठ होती. नुसत्या काठाच्या रंगावरून तो घट उघडून किती दिवस झाले ते सांगायचा. हेच ज्ञान पुढे त्याच्या अंगावर आलं.

एका सुट्टीच्या सकाळी लेक गॅलरीत आली आणि म्हणाली, “बाबा, हा कधी उघडला? सांगितलं नाहीस ते.”

“कुठला?”

“हा काय. म्हातारीचा.”

वरच्याने मान वळवली. डाव्या टोकाला, त्याच्या खांद्यापासून हातभरावर, तळहाताएवढा घट लोंबत होता. काठ गर्द लाल झालेला. आत वाकून पाहिलं तर पाण्यात झुरळाचे नुसते पंख उरले होते.

काठाला एवढा रंग चढायला दोन आठवडे तरी लागतात. म्हणजे गेले दोन आठवडे तो रोज सकाळी इथे उभा राहिला होता, चहा पीत, पानं बघत, आणि त्याच्यापुरता हा घट इथे नव्हताच. फुगताना नव्हता, झाकण सुटताना नव्हता.

“माहीत होतं मला,” तो म्हणाला. “म्हटलं, बघू, तुमच्या लक्षात येतंय का.”

लेक हसली आणि आत गेली. त्याच्या कपातला चहा तसाच निवला.

त्या दिवसापासून त्याने स्वतःची एक परीक्षा सुरू केली. गॅलरीच्या दारात उभं राहायचं, मधल्या कुंडीकडे टक लावायची, आणि डोळे न हलवता डावीकडची म्हातारी दिसते का ते बघायचं. पहिल्या दिवशी ती दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण काळं असं काही दिसत नव्हतं, धूसर नव्हतं, दुखत नव्हतं. म्हातारीच्या जागी नीट, स्वच्छ भिंत दिसत होती. डोळे बिघडले तर अंधार दिसेल ना? त्याने मनाची समजूत घातली की दारातून कोनच तसा येतो.

आणि मग एक चमत्कार झाल्यासारखं झालं. पंधरवड्यानंतर एका सकाळी मधल्या कुंडीकडे बघताना डावीकडे काहीतरी हिरवं हललं. म्हातारी दिसत होती. अंधुक, पण दिसत होती. पुढच्या आठवड्यातही दिसली. थकवा असेल, झोप कमी पडली असेल. मनातल्या मनात त्याने त्या गोष्टीवर पडदा टाकला.

तरी काही ना काही होत राहिलं. टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलेला पेला कोपराने उडायचा. रस्त्यात माणसं अचानक कुठूनतरी समोर यायची आणि “दिसत नाही का हो?” म्हणून चिडायची. जिना उतरताना तो भिंतीला खांदा घासत उतरायला लागला होता आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

“डोळे दाखवून या एकदा,” बायको म्हणायची.

“कामावर दरवर्षी तपासतात. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचतो मी. तिथला माणूस म्हणाला, तरुणांना वाचता येत नाही ती.”

हे खोटं नव्हतं. समोरचं त्याला अजून सुईसारखं टोकदार दिसत होतं. केबिनमध्ये बसून खालच्या हुकाचा बोल्ट ढिला असेल तर त्याला कळायचं. आणि खरं म्हणजे त्याला डोळे दाखवायचेच नव्हते. सबंध आयुष्यात त्याला एकच गोष्ट उत्तम येत होती, आणि ती करायला वर चढावं लागत होतं. खाली उतरून तो काय करणार होता?

एक बदल त्याने शेडमध्येही पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. लंबू हल्ली नेहमी उजवीकडे उभा असायचा. पूर्वी तो ओझ्याभोवती गिरक्या घ्यायचा, या बाजूने त्या बाजूला पळायचा. आता ट्रक कुठेही लागो, लंबू वळसा घालून उजवीकडच्या खांबाशी यायचा आणि तिथून खुणा करायचा. वय झालं बेट्याचं, आळशी झाला, असं वरच्याला वाटलं. डब्याच्या वेळी त्याने तसं बोलूनही दाखवलं. एरवी लगेच भांडायला उठणारा लंबू त्या दिवशी खाली मान घालून जेवत राहिला.

अपघात झाला तो एका लख्ख दुपारी. पाइपांचा भारा ट्रकवर चढवायचा होता. लंबूने पट्टे बांधले, उजव्या खांबाशी गेला, हात वर केला. भारा उचलला गेला. तेवढ्यात ट्रकवाल्याने पलीकडून हाक मारली. ट्रकच्या डाव्या फळीची खीळ बसत नव्हती. फळी तशीच राहिली असती तर पाइप घरंगळले असते. लंबूने थांबायची खूण केली की नाही यावर नंतर बरीच चर्चा झाली. तो स्वतः म्हणाला, केली; मूठ मिटली आणि पलीकडे धावलो. वरचा म्हणाला, त्याला मूठ दिसली नाही, लंबू उजवीकडून निघून गेलेला दिसला, आणि त्याला वाटलं जागा मोकळी केली. त्याने मान न वळवताच डावीकडचा अंदाज घेतला. तिथे त्याला मोकळी फरशी दिसली. नुसती कुणी नसलेली जागा नव्हे, चांगली झाडलेली राखाडी फरशी, तिच्यावरच्या पिवळ्या पट्ट्यासकट.

त्याने भारा डावीकडे नेला.

ओरडणं त्याला ऐकू आलं नाही. त्याला फक्त इतकं दिसलं की शेडमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून एकाच दिशेने पळतायत, आणि पळता पळता एकेक करून नाहीशी होतायत. तेव्हा कुठे त्याने अख्खी मान वळवली. भाऱ्याचं टोक पत्र्यांच्या थप्पीला टेकलं होतं आणि मधे लंबू होता.

पाय कापावा लागला नाही, पण घोट्याचा चुरा झाला होता. आता तो कधी वळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी चौकशी केली आणि निकाल चटकन लागला: खुणा करणाऱ्याने ओझं हवेत असताना जागा सोडली. चूक लंबूची. लंबूनेही मान डोलावली होती.

वरचा इस्पितळात गेला तेव्हा लंबूची बायको पलंगाशी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची दिली नाही.

“चूक तुझी नव्हती,” वरचा लंबूला म्हणाला. “मला तू दिसला नाहीस. तिथे कुणी नव्हतंच माझ्या लेखी.”

“माहीत आहे,” लंबू म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तुला डावीकडचं दिसत नाही ते. पावसाळ्याच्या आधीपासून. दोनदा डावीकडून मूठ दाखवली, तू थांबला नाहीस. मग मी उजवीकडेच उभा राहायला लागलो. म्हटलं, आपलं काम भागतंय ना. दुसऱ्याला कळलं तर याला खाली उतरवतील.” तो छताकडे बघत बोलत होता. “त्या दिवशी त्या फळीच्या नादात विसरलो.”

लंबूची बायको उठून उभी राहिली.

“तुम्ही दोघं एकमेकांना झाकत बसलात,” ती शांतपणे म्हणाली, “आणि पाय याचा गेला. जा आता, भावजी.”

तो घरी आला. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तो दारात उभा राहिला, सवयीने मधल्या कुंडीवर नजर लावली, आणि म्हणाला, “पण मला तर दिसतंय. म्हातारी दिसतेय मला. रोज बघतो मी. मध्ये दिसत नव्हती, मग दिसायला लागली.”

बायकोच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

“काय रोज बघता?”

त्याने सांगितलं. मधली कुंडी, डोळे न हलवणं, डावीकडची कडा. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

“अहो,” ती म्हणाली, “मी सरकवते ती.”

“काय?”

“कुंडी. तुमचा खांदा लागायचा तिला. दोन घट मोडले, तुम्ही दिवसभर खिन्न होतात. पाणीही बाकीच्यांना घालायचात, तिला विसरायचात. मला वाटलं कोपऱ्यात पडते म्हणून. म्हणून जरा आत घेतली. परत खांदा लागला, परत थोडी घेतली.” तिने दांडीच्या डाव्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे दांडीवर हुकाच्या घासण्याच्या जुन्या खुणा होत्या, आणि खाली हात पसरूनही भरणार नाही एवढी मोकळी जागा. म्हातारी शेजारच्या कुंडीला जवळजवळ टेकली होती. “मला काय माहीत तुम्ही तिच्यावरून डोळे मोजताय! एका शब्दाने बोलला असतात तर?”

तिने बादली उचलली, पण आत न जाता तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो शिडी चढला नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सांगितलं की लंबूची चूक नाही, मला डाव्या बाजूचं दिसत नाही, आणि हे मला बरेच महिने आतून ठाऊक होतं. साहेब आधी चिडले, मग घाबरले. संपलेलं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. लंबूवरचा ठपका निघाला. वरच्याला सुटे भाग देण्याच्या खिडकीवर बसवलं. शेडमधली माणसं त्याच्याशी नीट वागायची, पण “वरच्याच्या हातात” हा विनोद पुन्हा कुणी केला नाही. लंबू काठी टेकत फाटकावर बसायला लागला. दोघं डबा एकत्र खात; भांडत मात्र नसत, आणि हेच दोघांना जड जाई.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रासमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघा, कडेला दिवा चमकला की बटण दाबा. बटण दाबायची वेळ फार कमी आली.

“काचबिंदू आहे,” बाई म्हणाल्या. “डाव्या डोळ्यात फार थोडं उरलंय. उजव्याचाही नाकाकडचा भाग गेलाय. गेलेलं परत येणार नाही. आहे ते थेंबांनी टिकवायचं.”

“पण मला तर तिथे भिंत दिसायची. फरशी दिसली.”

“डोळ्याला दिसलं नाही की मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो. इतकं बेमालूम, की आपल्याला फाटलेलं कळत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “घरात कुणाला होता? आईला, वडिलांना?”

नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला वडील आठवले. शेवटची काही वर्षं ते भिंत चाचपत न्हाणीघरात जायचे. समोर ठेवलेल्या ताटातला अर्धाच भाग जेवून उठायचे. सगळे म्हणायचे, वय झालं, भूक मेली.

“मुलं किती?” बाईंनी विचारलं.

“एक मुलगी.”

“तिला घेऊन या.”

लेक आली ती कुरकुरतच. तिचं वय ते काय! अंधाऱ्या खोलीचं दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर नवराबायको एकमेकांकडे न बघता बसले. आतून बटणाचा आवाज यायचा. टक. टक. मग मध्ये बराच वेळ शांतता. टक.

ती बाहेर आली आणि डोळे चोळत म्हणाली, “मध्ये मध्ये दिवेच लागत नव्हते. यंत्र अडकतं वाटतं.”

“सगळ्यांनाच तसं वाटतं,” तिथली मदतनीस म्हणाली, पण तिने कागदावरून नजर वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. डोळ्यातला दाब जास्त होता. डाव्या बाजूला काही ठिपके चुकले होते. ते कंटाळ्याने चुकले की खरंच, हे आज सांगता येत नव्हतं. थेंब आजपासून सुरू करायचे, काही महिन्यांनी पुन्हा यायचं. “लवकर आलात हे बरं झालं,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण लगेच पुढच्याला बोलावलं.

बायको थेंब आणायला औषधांच्या दुकानात शिरली. “तुम्ही दोघं व्हा पुढे,” ती म्हणाली. बापलेक रस्त्याच्या कडेला आले. संध्याकाळची वेळ, गाड्या भरधाव. लेकीने फुटपाथच्या काठावर पाऊल टाकलं, थबकली, आणि बापाचा दंड धरला.

“बाबा, डावीकडून काही येतंय का रे?”

वरच्याने मान पूर्ण वळवून पाहिलं. मग तिने पाहिलं. रस्ता रिकामा दिसत होता. स्वच्छ, राखाडी, दूरवर रिकामा.

“नाही वाटत,” तो म्हणाला.

पण दोघांपैकी कुणीच पाऊल उचललं नाही. आई दुकानातून बाहेर येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.